आत्याच्या ओवाळणीचं खातं

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तर दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी, शनिवार पेठेतल्या एका बँकेच्या शाखेत, जेवणाची सुट्टी संपून काउंटरमागचा पंखा पुन्हा सुरू झाला तेव्हा. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला दिसलं नाही, कारण ज्यानं केलं तो तिला ‘आत्या’ म्हणत होता.

बँकेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, बरं झालं, आपलं खातं तिथे नाही. आणि पान उलटतो.

आत्या येरवड्याला दिलेली. माहेर वारज्याचं, म्हणजे आमचं घर. वारजं गाव होतं तेव्हा तिचं लग्न झालं, आणि ती माहेरपणाला येत राहिली तसतसं गाव शहरात शिरत गेलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, तिचे थोरले भाऊ. शेती होती तोवर शेती केली, पुढे पिठाची गिरणी टाकली. दिवसभर उभं राहायचं काम. त्या उभं राहण्यानं त्यांचे गुडघे खाल्ले, पण ते पुढे येईल.

आधी ओवाळणीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. आबांच्या लक्षात आलं होतं की भाऊबीजेला तबकात टाकलेले पैसे आत्याच्या हातात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. येरवड्याला पोचेपर्यंत त्यातून कुणाची तरी वही, कुणाचं तरी औषध निघालेलं असायचं. म्हणून एका वर्षी त्यांनी वारज्याच्या शाखेत तिच्या नावानं खातं उघडलं. मग दर भाऊबीजेला आमच्याकडे एक रीत पडली. आत्या ओवाळायची. आबा तबकात सुपारी ठेवायचे, एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि त्यावर पासबुक. त्या सालची ओवाळणी आधीच बँकेत भरलेली असायची. आत्या पासबुक उचलून कपाळाला लावायची आणि परत आबांच्या हातात द्यायची. ते आमच्या देव्हाऱ्याच्या खणात राहायचं. ती कधीही ते येरवड्याला घेऊन गेली नाही. पासबुक माहेरी आहे म्हणजे आपलं माहेरी काहीतरी आहे, असं तिला वाटायचं.

खातं उघडताना बँकेनं मोबाईल नंबर मागितला. आत्याकडे फोन नव्हता. आबांचा दिला. बहिणीच्या खात्याला भावाचा नंबर, यात कुणाला काहीच वावगं वाटलं नाही. बँकेलाही नाही.

पुढे आमच्या जमिनीची एक पट्टी रस्त्यात गेली आणि मोबदला आला. आत्यानं त्याआधीच हक्कसोड करून दिली होती, आमच्याकडच्या सगळ्या बहिणी करतात तशी, चहा पिता पिता. कायद्यानं आबा तिचं काही देणं लागत नव्हते. आबांनी त्यातला एक भाग त्या वर्षीच्या ओवाळणीत घातला. कुणाला सांगितलं नाही. त्या भाऊबीजेला आत्यानं पासबुक उघडून पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि पुन्हा ओवाळलं. दोनदा ओवाळलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

या पैशाला ती हात लावायची नाही. तिचे यजमान आजारी होते तेव्हाही लावला नाही. “ओवाळणी हाय ती,” म्हणायची. “खर्च केली तर मग राहिलं काय?”

मग वारज्याची शाखा बंद झाली आणि शनिवार पेठेतल्या शाखेत विलीन झाली. तिथे काउंटर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि आबांचे गुडघे. ते म्हणायचे, भरतो या महिन्यात, भरतो पुढच्या महिन्यात. भाऊबीजेला सुपारी, रुपया, पासबुक, कपाळ, खण, एवढं चालू राहिलं. पासबुकात मात्र नवी ओळ उमटत नव्हती. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. ते झालं. बँकेनं तसं कळवलंही, इंग्रजीतून, आबांच्या बटणांच्या फोनवर, जिथे कर्जाच्या आणि रिंगटोनच्या जाहिराती येऊन पडायच्या. आबा मराठी सातवी आहेत. बँकेनं कळवायचं असतं, असा नियम आहे. ते कुणाला कळलं पाहिजे, असा नाही.

मी तेव्हा एम.ए. करत होते आणि ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटात होते. पत्रकं लिहायची, छापून आणायची, चौकात वाटायची. बँकांवरही एक पत्रक काढलं होतं. निष्क्रिय खातं म्हणजे बेवारस खातं नव्हे, असं त्यात मोठ्या टायपात होतं. खाली नियम होते. खातेदार हरवला तर बँकेनं त्याला शोधायचं. खातं पुन्हा सुरू करताना माणूस खरा आहे का ते पाहायचं. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. सुरू झाल्यावरही वरच्या साहेबांनी काही काळ त्यावर नजर ठेवायची, आणि तीही काउंटरवरच्यांना कळू न देता. हे शेवटचं वाक्य लोकांना विचित्र वाटायचं. आपल्याच माणसांपासून लपवून नजर कशाला? याचं कारण साधं आहे. झोपलेलं खातं कुठे आहे, त्यात किती आहे आणि ते किती दिवसांत कुणी उघडून पाहिलेलं नाही, हे बाहेरच्या चोराला माहीतच नसतं. आतल्याला एका क्लिकवर दिसतं.

हे सगळं मला पाठ होतं.

त्या वर्षी दसऱ्याला आत्या सोनं द्यायला आली आणि आबांना गिरणीच्या खोक्याला धरून उठताना पाहिलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आबा ते दिवाळीनंतर बघू, संक्रांतीनंतर बघू करत होते. आत्यानं आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “दादा, पासबुक काढ.”

“कशाला?”

“तुझंच हाय ते. तुझ्याच पायाला लागू दे.”

“बहिणीच्या ओवाळणीवर पाय टाकून चालू का मी?”

“टाक. मी सांगते ना.”

आबा ऐकत नव्हते. आत्यानं स्वतःच देव्हाऱ्याचा खण उघडला. इतक्या वर्षांत पासबुक पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याबाहेर पडलं. मंगळवारी मी तिला घेऊन शनिवार पेठेत गेले.

काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. कपाळावर बारीक गंध, नीटनेटका. पासबुक पाहून म्हणाला, “खातं झोपलंय, आत्या.”

आत्याचा चेहरा खुलला. बँकेत तिला कुणी आत्या म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. “मग उठवा की त्याला,” ती म्हणाली.

“उठवू. कुठलं माहेर?”

“वारज्याचं.”

“मग आपण शेजारीच. मी मुळशीकडचा.”

एवढ्यावर त्यांचं जुळलं. त्यानं आधार कार्डाच्या प्रती घेतल्या, फोटो घेतले. बोलता बोलता विचारत राहिला, आणि आत्या सांगत राहिली. हे पैसे कसले? ओवाळणीचे. कधी काढले का? छे, हातसुद्धा लावला न्हाई. पासबुक कुणाकडे असतं? भावाकडं. घरात मुलगा वगैरे बँकेचं बघतो का? त्याला कशाला सांगू, हे माहेरचं हाय. फोन आहे का? हाय आता, पण नंबर भावाचाच दिलेला. ती अभिमानानं सांगत होती. तिच्या आयुष्यातली ही एक गोष्ट ऐकणारा माणूस तिला मिळाला होता.

मग त्यानं तीन-चार फॉर्म पुढे सरकवले. “आत्या, इथे सही. इथे. आणि इथे.”

“हे कोरे आहेत,” मी म्हणाले.

“ताई, सर्व्हर बंद आहे. आला की भरतो मी. आत्यांना परत जिना नको चढायला, म्हणून.”

“भरलेले नसताना सही कशी करायची?”

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. “गप गं. पोरगं मदत करतंय. सगळीकडं तुझी पत्रकं काढू नको.”

तिनं सह्या केल्या. ती सही सावकाश करते, प्रत्येक अक्षर काढून. तो थांबला. घाई केली नाही. आम्ही उठलो तेव्हा म्हणाला, “पुढच्या आठवड्यात या. तोवर होऊन जाईल.”

जिना उतरताना आत्या म्हणाली, “बघ, चांगली माणसं असतात.” आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा तो नव्हता. रजेवर, असं कळलं. त्याच्या खुर्चीवर एक बाई होत्या. त्यांनी पासबुक यंत्रात घातलं. यंत्र बराच वेळ खरखरत राहिलं. इतक्या वर्षांत त्या पासबुकात वर्षाला एखादी ओळ उमटायची, आणि आता ते ओळींमागून ओळी छापत होतं. आत्या म्हणाली, “व्याज आलं असेल.”

खात्यात खातं उघडं राहण्यापुरतं राहिलं होतं. बाकी सगळं एटीएममधून निघालं होतं, रोज थोडं थोडं. पुढच्या आठवड्यात या, असं त्यानं का सांगितलं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कार्डावर एका दिवसात ठरावीकच रक्कम निघते. त्याला आठवडा लागणार होता.

आत्याकडे कार्ड नव्हतं. तिनं कधी एटीएमच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं.

आम्हाला शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसवलं. चष्मा कपाळावर, टेबल लखलखीत. त्यांनी स्क्रीन पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “खातेदार स्वतः मंगळवारी आल्या. खातं त्यांच्यासमोर सुरू झालं. मोबाईल नंबर बदलला. कार्ड मागितलं, दिलं. सह्या आहेत.”

“कोऱ्या फॉर्मवर घेतल्यात,” मी म्हणाले. “सर्व्हर बंद आहे असं सांगून घेतल्यात.”

“मंगळवारी सर्व्हर बंद नव्हता.”

“तेच म्हणतेय मी.”

“आपण कोण?”

“भाची. एम.ए. करते. तेव्हा मी इथेच होते.”

“खातेदार आपण नाही. मग बसा.” मग आत्याकडे वळून म्हणाले, “बाई, जुना नंबर आपल्या बंधूंचा. पासबुक बंधूंकडे. कार्ड आणि त्याचा पिन कुणाच्या हातात जातो हे बँक पाहायला येत नाही. शांतपणे घरी जा आणि घरातल्यांना विचारा.”

घरातल्यांना विचारा. हे ते वाक्य. मी तेव्हाच ते लिहून घ्यायला लावायला हवं होतं, असं मला गटातल्या सगळ्यांनी नंतर सांगितलं. तिथे मी भांडले. कॅमेऱ्याचं चित्रण दाखवा म्हणाले. ते म्हणाले, पोलिसांना दाखवू. चौकीत गेलो. तिथे म्हणाले, आधी बँकेकडून लेखी आणा. बँकेत आलो. बँक म्हणाली, आधी गुन्हा दाखल करून आणा. या सगळ्यात आत्या एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसलाय. ती विचार करत होती. येरवड्याच्या बसमध्ये चढताना तिनं मला विचारलं, “त्या खणाला कुलूप असतं का गं?”

मी म्हणाले, “आत्या, पासबुकावर पैसे निघत नाहीत.”

“तसं न्हाई. सहज विचारलं.”

रविवारी ती आली, तिच्या मुलाला घेऊन. माझा हा आतेभाऊ खराडीला कंपनीत आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. त्या दिवशी गिरणीत आला तो उभाच राहिला. आबांनी पट्टा थांबवला. गिरणी थांबली की तिथे फार शांत होतं, नेहमीच्या माणसाला ते सहन होत नाही. आई चहा घेऊन आली, तो तिनं खोक्यावर ठेवला. कुणी उचलला नाही.

“मामा, तुमचा फोन बघू का जरा? जस्ट एकदा.”

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, त्यावरचं पीठ पुसलं आणि त्याच्या हातात दिला. “बघ की.”

मला वाटत होतं, तो घेणार नाही. माणूस असं म्हणतो, समोरचा ‘राहू द्या मामा’ म्हणतो, आणि विषय संपतो. त्यानं घेतला. आत्या दारात उभी होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

तो बटणं दाबत खाली खाली जात राहिला. मग थांबला. “हा बघ आई. बँकेचा मेसेज. मंगळवारचाच. मोबाईल नंबर बदललाय म्हणून. यांना आला होता.”

“काय आलंय?” आबा म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं, मामा.”

“मला इंग्रजी येतं का रं?”

“घरात येतं की. ही एवढी पत्रकं छापते.”

मी म्हणाले, “नीट वाच तो. तुमचा नंबर या खात्यावरून काढलाय, असं लिहिलंय. म्हणजे त्यानंतर काहीच या फोनवर येणार नव्हतं. आम्हाला पैसे काढायचे असते तर आम्ही आमचाच नंबर कशाला काढू?”

“नाव नको यायला म्हणून.”

मेसेज आला नसता तर आम्ही दोषी. आला तर आम्ही दोषी. ज्या मेसेजनं आत्याला सावध करायचं होतं, त्याचा पुरावा झाला, तोही आमच्याविरुद्ध.

त्याला थांबता येईना. “हक्कसोड करून घेतली तेव्हा आई काही बोलली नाही. जमिनीचा वाटा द्यायचा नाही म्हणून ओवाळणी म्हणालात. चालेल. आता तीपण परत घेतलीत.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते दाराकडे पाहत होते. “बाय,” ते म्हणाले, “तुला काय वाटतं?”

आत्या खाली बघत म्हणाली, “मला काय कळतंय दादा. बँकेच्या साहेबानं विचार म्हणून सांगितलं.”

“मग विचार.”

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मुलगा फोन खोक्यावर ठेवून तिच्या मागे गेला. आबांनी पट्टा पुन्हा सुरू केला. गिरणीत दळायला काही नव्हतं. रिकामं जातं फिरवू नये, दगड झिजतो, हे मला त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं.

भाऊबीजेला आईनं पाट मांडला. आबा अंघोळ करून नवीन सदरा घालून बसले. मी म्हणाले, आबा, मी ओवाळते. ते म्हणाले, तुझा भाऊ आहे का मी? दुपारी त्यांनी स्वतःच पाट उचलून भिंतीला लावला. पासबुक त्या वेळी आत्याकडे होतं. देव्हाऱ्याचा खण त्यांनी उघडा ठेवला, पूर्ण बाहेर ओढून. तो महिनाभर तसाच होता. आई बंद करायची, ते परत ओढायचे. कुणी आलं तर दिसावं म्हणून.

मी तक्रारी लिहीत राहिले. बँकेकडे, बँकेच्या मुख्य कार्यालयाकडे, मग बँकिंग लोकपालाकडे. आत्याची सही लागायची. मी येरवड्याला जायचे, ती दारातच सही करून द्यायची. आत ये म्हणायची नाही असं नाही, पण म्हणण्यात उशीर करायची. प्रत्येक अर्ज मी तिला वाचून दाखवला. कोरा कागद एकही पुढे केला नाही. एकदा ती म्हणाली, “तू एवढं का करतेस?” मी म्हणाले, “तुझे पैसे आहेत म्हणून.” ते खरं नव्हतं. मला आबा पाहिजे होते पूर्वीसारखे.

पाऊस लागायच्या सुमारास प्रकरण फुटलं, आणि तेही आमच्या तक्रारीनं एकटीनं नाही. त्याच शाखेत आणखी काही खाती तशीच निघाली. सगळी झोपलेली, बहुतेक म्हाताऱ्या माणसांची. तोच अधिकारी, तीच पद्धत: कोऱ्या फॉर्मवर सह्या, नंबर बदलून आपल्या हातातला, आणि कार्ड आपल्याच खिशात. एका नोंदीला दोघांची मंजुरी लागते ना, मग दुसरा कुठे होता? हे मला तिथल्याच एका जुन्या कर्मचाऱ्यानं जिन्यात सांगितलं, अगदी सहज. दुसरे साहेब दुपारी जेवायला आणि चहाला जायचे तेव्हा आपला पासवर्ड त्या पोराला सांगून जायचे. तूच मार रे मंजुरी, गिऱ्हाईक ताटकळायला नको. “सगळीकडे असंच असतं हो,” तो म्हणाला. “नाहीतर कामं उरकणार कशी?” म्हणजे आत्याच्या पैशांना दोन कुलपं होती आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिशात, गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी.

आत्याला पत्र आलं. रक्कम खात्यात परत जमा करण्यात येत आहे, सद्भावनेपोटी. हा शब्द मी बनवलेला नाही. एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गैरवर्तनाशी बँकेचा संबंध नाही, आणि आपल्या सहकार्याबद्दल आभार. वरच्यांनी त्या खात्यावर जी नजर ठेवायची होती तिचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. रोज एकाच वेळी, एकाच एटीएममधून, वर्षानुवर्षं हात न लागलेल्या खात्यातून पैसे निघत होते. कुणी नजर ठेवली असती तर तिसऱ्या दिवशी थांबलं असतं.

ते पत्र घेऊन मी पुन्हा त्या केबिनमध्ये गेले. शाखाधिकारी तेच होते.

“पैसे मिळाले ना?” ते म्हणाले.

“मिळाले. आता माझ्या आत्याला फोन करून सांगा, की तुमच्या भावाच्या घरानं काही केलं नव्हतं.”

“आम्ही तसा आरोप केलाच नव्हता.”

“घरातल्यांना विचारा, म्हणालात.”

“विचारा म्हणालो. विचारणं म्हणजे आरोप नव्हे. आपण एम.ए. आहात ना?”

“तेवढंच एका कागदावर लिहून द्या.”

“जे म्हटलंच नाही ते लिहून काय द्यायचं? दार लावून घ्या जाताना, एसी सुरू आहे.”

मी दार उघडं टाकून आले. एवढाच माझा विजय.

आत्याला मी सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं. तिच्या मुलालाही पटलं. तो गिरणीत येऊन आबांच्या पाया पडला, सॉरी मामा म्हणाला, आणि आबांनी त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला. पुढच्या भाऊबीजेला आत्या आली. मला वाटलं, झालं, फिटलं.

आबांनी सुपारी ठेवली, रुपया ठेवला. पासबुकाऐवजी त्यांनी तबकात एक चिठोरं ठेवलं. त्या सालच्या ओवाळणीची बँकेची पावती. तो अरुंद जिना ते कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत चढून गेले होते आणि काउंटरवर शिक्का मारून घेऊन आले होते.

“हे काय दादा?” आत्या म्हणाली.

“पावती. तुझ्याकडं ठेव. फोनपण बघायचा तर बघ, त्या टेबलावर हाय.”

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आता असं करायचं असतं. आत्यानं निरांजन खाली ठेवलं. तिनं पावती उचलली. कपाळाला लावली नाही. कपाळाला लावावं असं त्या कागदात काही नव्हतं. तिनं घडी घालून बटव्यात ठेवली आणि बटव्याचा बंद ओढला. पासबुक आता येरवड्यालाच असतं.

जेवताना तिनं ऑपरेशनचा विषय काढला. “दादा, ते पैसे आलेत परत.”

“तुझे तुला राहू दे.”

“तुझ्या पायाला म्हणूनच काढायचे होते.”

“एकदा बघितलं ना,” आबा म्हणाले, “काढायला गेल्यावर काय होतं.” आणि तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. ते अजून खोक्याला धरूनच उठतात.

तो अधिकारी निलंबित आहे की कुठे आहे, मला माहीत नाही. त्यानं चोरी केली, आणि चोराला निदान चोर म्हणता येतं. बँकेनं जे केलं त्याला शब्द नाही. तिनं आपल्या आतला चोर झाकायला माझ्या आत्याला तिच्याच माहेरावर सोडलं, दोन शब्दांत, चष्मा कपाळावरून खाली न आणता. पैसे परत आले. ते दोन शब्द अजून परत घेतलेले नाहीत.

तुमच्या घरातही असं एखादं खातं आहे. आईचं, मावशीचं, वारलेल्या काकांचं, ज्याला कुणी हात लावत नाही आणि ज्याला तुमचा नाहीतर दुसऱ्याच कुणाचा नंबर आहे. या आठवड्यात उठा आणि ज्याचं खातं त्याला सोबत घेऊन शाखेत जा. नंबर त्याचा स्वतःचा घाला. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका, समोरचा कितीही आत्या म्हणाला तरी. खातं रिकामं निघालं आणि काचेपलीकडून कुणी म्हणालं, घरातल्यांना विचारा, तर घरी जाऊ नका. तिथेच बसा आणि ते वाक्य बँकेच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. मिळेपर्यंत उठू नका.